टाके निघाल्यानंतरचं वर्ष

(नाशिकमधील सातपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी इथल्या कामगार वस्तीत आयुष्यभर दवाखाना चालवला. त्यांच्या आठवणी सांगायचा अधिकार माझ्यापेक्षा समोर बसलेल्या मंडळींचा मोठा आहे. म्हणून मी गुणगान करत नाही. त्यांच्या बाकड्यावर माणसं ज्या दुखण्यासाठी सगळ्यात जास्त संकोचून बसायची, त्या दुखण्याबद्दल बोलतो. ते दुखणं म्हणजे हर्निया.

विषय व्याख्यानमालेला शोभणारा नाही, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात नवल नाही. संतसाहित्य, राज्यघटना, गोदावरीचं पाणी यांवर आपण तासन् तास ऐकतो. जांघेतल्या गाठीवर चारचौघांत बोलत नाही. पण आकडा ऐका. जगभरच्या हर्निया सर्जनांनी एकत्र बसून २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता त्यांनी २७ ते ४३ टक्के धरली आहे, बाईला ३ ते ६ टक्के. जगात वर्षाला दोन कोटींहून जास्त माणसांचं हे ऑपरेशन होतं. म्हणजे या सभागृहातल्या दर तीन-चार पुरुषांमागे एकाच्या वाट्याला हा विषय येणार आहे किंवा येऊन गेला आहे.

ओपीडीतलं नेहमीचं दृश्य सांगतो. माणूस आधी पाठदुखी सांगतो, मग अ‍ॅसिडिटी. सोबतची मंडळी बाहेर गेली की हळूच पँट सैल करतो. आत मेडिकलमधून आणलेला हर्नियाचा पट्टा असतो, घामाने काळवंडलेला, त्याची गादी एका बाजूने पार चेपलेली. उभं करून 'खोका' म्हटलं की गाठ बोटाला धडक देते. आडवं केलं की गुपचूप आत जाते. 'कधीपासून?' 'झाली असतील दोन-तीन वर्षं.' एवढं झालं की त्याचे तीन प्रश्न येतात, आणि ठरलेल्या क्रमानेच येतात. साहेब, कामावर कधी जाता येईल? खर्च किती? आणि परत तर नाही ना उतरणार?

हे तीन प्रश्न आज मी हर्नियाच्या संशोधनासमोर ठेवणार आहे. गंमत अशी की वैद्यकशास्त्राने ते उलट्या क्रमाने हाताळले. 'परत उतरणार का' यावर सव्वाशे वर्षं खपली. खर्चाचा प्रश्न अगदी अलीकडे ऐरणीवर आला. कामाचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही, निदान आपल्यापुरता तरी नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. पोटाची भिंत जिथे मुळातच कमकुवत असते, तिथून आतलं आवरण आणि कधी आतडं बाहेर डोकावतं, तो हर्निया. पुरुषाच्या जांघेत अशी जागा जन्मतःच असते. औषधाने, व्यायामाने, पट्ट्याने ती बुजत नाही. इटलीत पादुआ इथल्या एदुआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात थरांवर थर शिवून ही भिंत पुन्हा उभी करण्याची पद्धत बसवली. मला मात्र टाक्यांइतकंच त्यांच्या वहीचं कौतुक आहे. २६२ हर्नियांच्या शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी मांडला आणि घरी गेलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं याचाही माग ठेवला. त्या काळात रुग्ण टेबलावरून जिवंत उठला की सर्जनचं काम संपलं, असं मानलं जात होतं.

ही वही पुढे नेली कॅनडातल्या शोल्डाइस हॉस्पिटलने. अर्ल शोल्डाइस या सर्जनने १९४५ साली टोरांटोत हे रुग्णालय सुरू केलं, तिथे हर्नियाशिवाय दुसरं काही करतच नाहीत. त्यांची केवळ टाक्यांनी शिवण्याची पद्धत आजही मान्यता पावलेली आहे. तिच्याबरोबर त्यांनी एक प्रथा पाडली. ऑपरेशन झालेल्या जुन्या रुग्णांचं दरवर्षी स्नेहसंमेलन भरायचं. जेवण, करमणूक, गप्पा आणि मोफत तपासणी. शेकड्यांनी लोक यायचे. ज्याचा हर्निया परत उतरला असेल तो तिथे सापडायचा आणि पद्धतीतली खोट कळायची. ही प्रथा लक्षात ठेवा, शेवटी मला तिच्याबद्दल तुमच्याकडे काही मागायचं आहे.

शिवण्याच्या पद्धतींत एक अडचण होती. ताणून शिवलेले स्नायू दुखतात आणि टाके कालांतराने सैलावतात. यावर उत्तर निघालं कमकुवत जागेवर बसवायच्या जाळीचं. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाअखेर प्लास्टिकच्या जाळीचा वापर सुरू केला, आणि लॉस एंजलिसच्या अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ साली एक हजार रुग्णांचा अहवाल देऊन 'ताण न देता जाळी बसवा' हा मंत्र रूढ केला. आपल्या जिल्ह्यात आज दुर्बीण न घालता जी ऑपरेशनं होतात, ती बहुतांशी याच पद्धतीने.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. जाळी आली आणि बिल वाढलं. परदेशी कंपनीची हाताच्या पंजाएवढी जाळी त्या काळी खेड्यातल्या शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती. मग सर्जन काय करायचा? जुन्या पद्धतीने शिवायचा आणि परत उतरला तर नशिबाला बोल लावायचा.

हे कोडं सोडवणारा माणूस आपल्याच बाजूचा, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचा. मिरचीच्या बाजारपेठेचं गाव, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे सर्जन ग्रामीण शस्त्रक्रियेचं काम करत होते. त्यांनी साधा विचार केला: विकत मिळणारी जाळी ज्या जातीच्या प्लास्टिकच्या धाग्याची आहे, त्याच जातीच्या धाग्याची मच्छरदाणी बाजारात मीटरवर मिळते. कापड तपासलं, तर ते पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचं निघालं. धुवून, कापून, निर्जंतुक करून ते वापरता येईल का? देशातल्या इतर सर्जनांना सोबत घेऊन त्यांनी ते वापरून पाहिलं आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये ३५९ हर्नियांचा अनुभव छापला. कापड शरीराने स्वीकारलं, काम चोख झालं आणि जाळीचा खर्च नगण्य झाला.

लेखाच्या शीर्षकात त्यांनी स्वतःच 'प्राथमिक' असा शब्द वापरला होता. त्यात सचोटी होती. त्यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. महागडी जाळी बसवलेल्या तितक्याच रुग्णांशी चिठ्ठ्या टाकून केलेली बरोबरी नव्हती. त्यामुळे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. पोटात मच्छरदाणी? गरिबांना गरिबांचं औषध? प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. त्याला उत्तर वादविवादाने मिळणार नव्हतं, मोजमापानेच मिळणार होतं.

ते मोजमाप झालं, पण दोंडाईच्यात नाही, मुंबईत नाही, नाशकातही नाही. ते झालं पूर्व युगांडात. स्वीडनच्या डॉ. येन्नी लॉफग्रेन आणि त्यांच्या युगांडातल्या सहकाऱ्यांनी ३०२ पुरुष निवडले. कुणाला मच्छरदाणीची जाळी आणि कुणाला कंपनीची, हे यदृच्छेने ठरवलं. रुग्णाला ते सांगितलं नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही कळू दिलं नाही. स्वस्त जाळीची किंमत एका डॉलरपेक्षा कमी, दुसरीची सव्वाशे डॉलरच्या घरात. वर्षभराने ते रुग्ण पुन्हा शोधून तपासले. मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत उतरला होता, म्हणजे ०.७ टक्के, कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. लहानमोठ्या गुंतागुंती दोन्हीकडे सारख्याच, ३०.८ आणि २९.७ टक्के. जानेवारी २०१६ मध्ये हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वैद्यकीय नियतकालिकांत याहून वरची पायरी जवळजवळ नाही.

तिथल्या वर्षभराच्या हिशेबात ३०२ पैकी २९१ पुरुष आहेत. अकरा सोडून सगळे. गावंच्या गावं पसरलेला मुलूख, आणि तरी शंभरातली शहाण्णव माणसं वर्षाने तपासणीच्या वहीत आहेत. मच्छरदाणीचं कापड त्या संशोधकांना फुकटात सुचलेलं होतं, आपल्या माणसाकडून. त्यांनी घातली ती मेहनत रुग्ण पुन्हा शोधण्याची.

कल्पना इथली आणि कसोटी परदेशातली, हा योगायोग एकदाच घडला असता तर मी सोडून दिला असता. पण पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांचंही तसंच झालं. त्यांनी जाळी पूर्णच टाळली. रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरल्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, दोन्ही टोकांना जोडलेलीच ठेवून, कमकुवत जागेवर शिवायची. पट्टी जिवंत राहते, स्नायूबरोबर हलते, बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही, खर्च फक्त धाग्याचा. २००१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तिची जाळीशी समोरासमोर तुलना पुढे कुठे झाली? पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोन-दोन जणांचा हर्निया परत आला होता, बरोबरी. आणि पुन्हा युगांडातच, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, १०१ रुग्णांवर. दोन्ही अभ्यास २०१२ सालचे. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी जाळीविना पद्धतींत अजूनही शोल्डाइसलाच पहिला मान दिला, कारण तिच्यामागे दशकांची वही आहे. देसरडांच्या पद्धतीला तशी लांब वही अजून मिळायची आहे.

आता गैरसमज नको म्हणून एक स्पष्ट सांगतो. आज कुणी उठून पडद्याच्या दुकानातून जाळी आणायची असं माझं म्हणणं नाही. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तर शरीरात घालायचीच नसते, आणि साधं कापडही ठरावीक तापमानालाच, १२१ अंशांच्या वाफेवर, निर्जंतुक करावं लागतं. जास्त तापलं तर ते आकसतं. शिवाय वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आले आहेत. शरीरात कायम ठेवायची वस्तू परवान्याची हवी. ते योग्यच आहे. दोंडाईचाचा धडा कापडाचा नाही. किंमत आणि दर्जा यांचा संबंध गृहीत धरायचा नसतो, तो मोजायचा असतो, हा आहे.

सातपूरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि सातपूर त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मायको, महिंद्र, सिएट यांच्या भोंग्यांवर इथल्या दोन पिढ्या वाढल्या. इथून बाहेर पडणाऱ्या सुट्या भागावर बॅच नंबर असतो. गाडी पंजाबात बिघडली तरी तक्रार परत येते, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर माल निघाला ते काढतात आणि सुधारणा होते. माणसाच्या ऑपरेशनला आपल्याकडे बॅच नंबर नाही. ज्याचा हर्निया परत उतरतो तो लाजेने किंवा रागाने दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पहिला सर्जन समजतो, आपला रुग्ण ठणठणीत आहे. तो खोटं बोलत नसतो. त्याला कुणी कळवलेलंच नसतं.

ज्या देशांनी असा नंबर दिला, त्यांना काय मिळालं? स्वीडनने १९९२ मध्ये आणि डेन्मार्कने १९९८ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. या वह्यांतून आणि जगभरच्या चाचण्यांतून असं काही बाहेर आलं जे कुणीच विचारत नव्हतं. जाळीमुळे हर्निया परत येणं कमी झालं खरं, पण दहाबारा टक्के लोकांना महिनोन् महिने जाणवेल इतकं दुखणं राहतं, आणि अर्धा ते सहा टक्क्यांना ते रोजच्या कामाच्या आड येतं. हा रुग्णाचा न विचारलेला चौथा प्रश्न: दुखत तर राहणार नाही ना? जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्या ओळखून जपायच्या, टाक्यात सापडू द्यायच्या नाहीत, हे आता तंत्राचा भाग झालं आहे. हे शिकायला रुग्णाला वर्षाने विचारावं लागलं.

भूल कोणती द्यायची यावरही अशीच चाचणी झाली. स्वीडनमध्ये दहा रुग्णालयांतल्या ६१६ रुग्णांना चिठ्ठी टाकून जागेपुरती, मणक्यातली किंवा पूर्ण भूल दिली. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. जागेपुरत्या भुलेचे रुग्ण लवकर घरी गेले, ऑपरेशननंतर कमी दुखलं, लघवी अडकण्याचा त्रास कमी झाला. आपल्याकडे मणक्यातली भूल हाच रिवाज. हात बसलेला सर्जन असेल तर जागेपुरत्या भुलेत हर्नियाचं ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो; दुर्बीण नको, महाग यंत्र नको.

दुर्बिणीबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. चांगल्या हातात ती चांगली. दुखणं कमी, काम लवकर. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, आधी एकदा ऑपरेशन होऊन परत उतरला असेल किंवा रुग्ण बाई असेल, तर तिचा फायदा ठळक. पण 'चांगल्या हातात' हे शब्द सोडू नका. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दोन हजारांवर पुरुषांची चाचणी झाली, २००४ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के हर्निया परत आले, उघड्या ऑपरेशनच्या गटात ४.९ टक्के. ज्या सर्जनांनी अडीचशेहून जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केली होती, त्यांच्याकडे हा फरक जवळजवळ मिटला. तेव्हा सर्जनला विचारायचं ते मशीन कोणत्या कंपनीचं हे नाही. विचारायचं, डॉक्टर, असली किती केलीत?

आता वळू पहिल्या प्रश्नाकडे. कामावर कधी?

मी शिकत होतो तेव्हा तीन महिने वजन उचलायचं नाही हा नियम पाठ असायचा. कुठल्या चाचणीतून तो आला हे कुणी सांगत नसे. डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर रुग्णांना उलटा सल्ला दिला: एक दिवस विश्रांती, मग जमेल तसं सगळं. २००४ साली त्यांनी सांगितलं, त्याने हर्निया परत येण्याचं प्रमाण वाढलं नाही. आजची जागतिक तत्त्वंही म्हणतात, गुंतागुंत नसेल तर रुग्णाला सोसेल तितक्या लवकर नेहमीच्या हालचाली सुरू करू द्या.

पण थांबा. डेन्मार्कमधलं 'काम' आणि प्रेस शॉपमधल्या हेल्परचं काम एकच आहे का? डोक्यावर किंवा पाठीवर गोणी नेणाऱ्या माथाडीचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची शिफारस केलेली कमाल मर्यादा ५५ किलो आहे. ऑपरेशननंतर कितव्या दिवशी पंचावन्न किलोला हात घालावा, याचं उत्तर कोपनहेगनच्या वहीत नाही. तिथे अशी ओझी उचलणारी माणसं थोडी. हे उत्तर सातपूर, अंबड, लासलगाव बाजार समिती इथेच शोधावं लागेल.

या प्रश्नामागे पैसा आहे हे तुम्ही जाणता. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असलेल्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो, मजुरीच्या ७० टक्के. त्र्यंबक रोडचं विमा रुग्णालय इथल्या अनेक घरांना याच कारणाने माहीत आहे. पण त्यासाठी पगाराची मर्यादा आहे, जानेवारी २०१७ मध्ये ती २१,००० रुपये ठरली, आणि भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचा भरणा लागतो. ठेकेदाराने दर काही महिन्यांनी 'ब्रेक' दिला की हे दिवस भरत नाहीत. मग माणूस काय करतो? पट्टा बांधतो आणि पाळीला उभा राहतो. किंवा ऑपरेशन करून दहाव्या दिवशी, कुणालाही न सांगता, कामावर जातो. त्याचं पुढे काय होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त गरज असलेलं हर्नियाचं संशोधन हे आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

काही जण विचारतात, ऑपरेशन करायलाच हवं का? गाठ लहान, दुखत नाही, काम अडत नाही, अशा पुरुषाला वाट पाहता येते. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या चाचणीत, २००६ साली, दिसलं की वाट पाहणाऱ्यांत आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनाहूनही कमी. मात्र त्याच रुग्णांना दहा वर्षांनी पाहिलं तर ६८ टक्के लोक शेवटी ऑपरेशनला आलेच होते, बहुतेक दुखणं वाढल्यामुळे. तेव्हा वाट पाहणं म्हणजे टाळणं नव्हे. स्वतःच्या सोयीची वेळ निवडणं. आणि हा सल्ला बायकांना लागू नाही. बाईच्या जांघेतला हर्निया अनेकदा अरुंद वाटेने येतो आणि अडकण्याचा धोका मोठा. तो लवकर करून घ्यावा.

गाठ घट्ट झाली, आत जाईना, वेदना वाढत चालल्या, ओकाऱ्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर सकाळची वाट पाहू नका. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातात तासच असतात. तेव्हा चोळणं नको, घरचा वैद्य नको, रिक्षा करा.

बायकांचा विषय निघाला म्हणून एका चाचणीचं सांगून ठेवतो, कारण पोटाच्या जुन्या टाक्यांतून उतरणारा हर्निया त्यांच्यात पुष्कळ दिसतो. नेदरलँड्सच्या दहा रुग्णालयांत ५६० रुग्णांचं पोट मधोमध उघडल्यावर कसं शिवायचं हे तपासलं. एका गटात जुन्या रिवाजाने सेंटिमीटरचे टाके, दुसऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरचे, जास्त संख्येने. वर्षाने मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्क्यांना हर्निया झाला, लहान टाक्यांच्या गटात १३ टक्क्यांना. २०१५ साली 'लॅन्सेट'ने हे छापलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. शिवणाऱ्याची थोडी जास्त मिनिटं आणि वर्षाने केलेली तपासणी.

या सगळ्याचं सार मला एका वाक्यात सांगायचं तर असं: हर्नियाची शस्त्रक्रिया ऑपरेशन टेबलावर जितकी सुधारली, त्याहून जास्त ती टाके निघाल्यानंतरच्या वर्षात सुधारली, जिथे कुणी रुग्णाला पुन्हा शोधून विचारलं. महाराष्ट्राने या विषयाला दोन अस्सल कल्पना दिल्या, एक दोंडाईच्याने, एक पुण्याने. त्यांची कसोटी मात्र परमुलखात लागली, कारण वर्षाने रुग्ण शोधायची सवय आपण लावून घेतली नाही. हुशारीत आपण कुठे कमी पडलो नाही. कमी पडलो ते वहीत.

नाशकात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातले शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर विद्यार्थी त्याच्या छत्राखाली प्रबंध लिहितात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विषय ठरण्यात, रुग्ण जमवण्यात, लिहिण्यात वेळ जातो, आणि रुग्णाला पाहायला काही महिनेच उरतात. एका विद्यार्थ्याचे रुग्ण पुढच्याने, त्याचे त्यापुढच्याने पाहिले, तर दहा वर्षांची वही आपोआप तयार होईल. हे विद्यापीठाच्या दारात उभं राहून मागण्यासारखं आहे.

पण सगळं विद्यापीठावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. सातपूरच्या लोकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, ज्यांचं ऑपरेशन झालं आहे किंवा होणार आहे त्यांच्याकडे. डिस्चार्ज कार्ड जपा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. कोणती पद्धत, कोणती जाळी, कोणती भूल, हे त्यावर लिहून घ्या. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर मागून चिकटवून घ्या. तो तुमचा हक्क आहे. आणि हर्निया परत उतरला किंवा दुखत राहिलं, तर दुसरीकडे जाण्याआधी पहिल्या डॉक्टरला कळवा. भांडायला नाही, कळवायला.

दुसरी, कामगार संघटना आणि कारखान्यांचे वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे. ऑपरेशननंतर कोण कितव्या दिवशी कामावर आला, कोणत्या कामावर आला, हलकं काम मिळालं की नाही, आणि वर्षाने त्याचं कसं आहे, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवा. नावं गुप्त राहतील, माणसाची संमती घेतली जाईल, आणि या माहितीवरून कुणाची नोकरी जाणार नाही याची हमी आधी लेखी घ्या. त्याशिवाय कुणी खरं सांगणार नाही, आणि सांगूही नये.

तिसरी मागणी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे. मघाशी शोल्डाइसच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोललो. आपल्याकडे शिबिरं भरतात ती ऑपरेशनची. झालेल्या ऑपरेशनची तपासणी करणारं शिबिर मी कुठे पाहिलेलं नाही. डॉक्टरांच्या पुढच्या स्मृतिदिनी, व्याख्यानाच्या आधी दोन तास, याच सभागृहात ते भरवा. ज्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे, कुठेही, कधीही, त्यांनी कार्ड घेऊन यावं. चार सर्जन मी आणतो. चहा-पोह्यांची सोय तुम्ही करा. वही मी घेऊन येतो. तिची पहिली ओळ कोण लिहितो ते तुम्ही ठरवा.